जिन्याखालच्या तीन रेघा

मंगळवार, ७ जानेवारी. सकाळी ६ वाजून २० मिनिटं.

भाडेकरूचं नाक काढत होतो, तेव्हा फोन वाजला. नाक वाटाण्याएवढं गोल, एका दमात पुरं व्हायला हवं. रेघ हलली. आधी कागद फाडला, दुसरा घेतला, कडा जुळवून चिकटवला आणि मग फोन घेतला. उलट करायला हवं होतं. मला तसं जमत नाही.

शेवटच्या पानाच्या बाई होत्या. वर्तमानपत्राचं शेवटचं पान त्यांच्याकडे असतं, म्हणून ‘जिना’ ही रोजची चित्रपट्टीही त्यांच्याकडे. रात्रपाळी उतरताना फोन करतात. म्हणाल्या, “काकांना सांगा, ठरलं. बावीस मार्च. ‘जिना’ला चाळीस वर्षं. मोठं सभागृह घेतलंय. काका मंचावर येतील आणि सगळ्यांसमोर एक पट्टी काढतील. मोठ्या कागदावर, उभ्यानं.”

मी म्हणालो, “बरं.” दुसरं काय म्हणणार होतो?

काका पट्टी काढू शकत नाहीत. त्यांचा उजवा हात थरथरतो. कप उचलला की अर्धा चहा बशीत. गेल्या ऑगस्टच्या चौदा तारखेपासून ‘जिना’ मी काढतो आहे, रविवार सोडून रोज. विनोद त्यांचे, रेघ माझी, सही त्यांची — तीही मीच करतो. हे तिघांना माहीत आहे: काका, काकू आणि मी. आता या वहीला.

वर्तमानपत्राशी करार आहे. त्यात एक ओळ आहे, ती मला पाठ आहे: “चित्रपट्टी स्वतः चित्रकाराच्या हातची असेल, अन्यथा करार संपेल.” करार संपला तर काकूच्या शिवणावर तिघांचं भागणार नाही. घराचं भाडंच निघणार नाही. चाळीस वर्षं भाडेकरूची गंमत काढून आम्ही स्वतः भाडेकरूच राहिलो, असं काका म्हणतात. आधी हसू यायचं.

मी काकांच्या धाकट्या भावाचा मुलगा. नववीत शाळा सुटली. काकांनी अक्षर बघून ठेवून घेतलं. आठ वर्षं पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं भरतो आहे आणि एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही. माझ्या नावावर सांगण्यासारखं तेवढंच आहे.

बुधवार, ८ जानेवारी

काकांना सांगितलं. ते म्हणाले, “बघू.”

शुक्रवार, १० जानेवारी

सोहळ्यानंतर पुस्तकही निघणार आहे. चाळीस वर्षं, चाळीस पानं, दर वर्षातली एक पट्टी. निवडायचं काम बाईंनी मला दिलं — “तुमच्याइतका किचकट माणूस मला दुसरा माहीत नाही.” हे कौतुक होतं असं धरतो. प्रत्येक पट्टीखाली तारीख, आणि “रेखाटन” लिहून पुढे काकांचं नाव. हे सगळं मी हातानं लिहायचं. एप्रिलअखेर पानं द्यायची.

आज वर्तमानपत्राच्या तळघरात गेलो. जुने अंक वर्षावर्षाचे बांधून ठेवलेत. पहिलं वर्ष उघडलं आणि वाटलं, चुकीचा गठ्ठा घेतला.

हा आमचा भाडेकरू? उंच, वाळका, नाक १४ मिलिमीटर. (आज ५.) कोटाला सहा बटणं. (आज दोन.) हाताला पाच बोटं. (आज चार. पाचवं कुठल्या वर्षी गेलं ते शोधायचं आहे.) जिन्याला अकरा पायऱ्या, आज सहा. मांजर नाहीच. आज शेवटची चौकट मांजराशिवाय होत नाही, आणि पहिली अडीच वर्षं मांजर नाही! जिन्याखाली काळीभोर सावली, बारीक तिरप्या रेघांनी भरलेली, शेकडो रेघा. आज तिथे तीन रेघा असतात. फक्त तीन. मला काकांनी शिकवलंय, “सावली म्हणजे तीन रेघा. चौथी काढलीस तर शाईचे पैसे तुझे.”

फुग्यांतले शब्दही मोजले. पहिल्या वर्षी एका पट्टीत सरासरी त्रेचाळीस, गेल्या वर्षी बारा.

आणि विनोद! घरमालक म्हणतो, “भाडं वाढवलंय.” भाडेकरू: “का?” “तुझ्या चालण्यानं जिना झिजतो.” तिसऱ्या चौकटीत भाडेकरू खिडकीतून दोरीनं खाली उतरतोय. चौथीत घरमालक खाली वही घेऊन उभा: “दोरीचं वेगळं पडेल.” परवाच्या पट्टीत दोघं पायरीवर गप्प बसलेत, कारण मांजर झोपलंय.

पहिल्या वर्षीचा भाडेकरू आजच्या भाडेकरूला जिन्यात भेटला, तर आजचा वाट देऊन भिंतीला चिकटून उभा राहील.

बुधवार, १५ जानेवारी

बदल हळूहळू होतो असं सगळे म्हणतात. हात बसतो, रेघा गळतात, नाकं गोल होतात. मीही तसंच धरून चाललो होतो. वर्षाला दर महिन्याची एक पट्टी मोजत होतो. नाक १४, १४, १३, १४, १३…

हळूहळू नाही. नवव्या वर्षी १० फेब्रुवारीला नाक १३ मिलिमीटर आहे. ११ फेब्रुवारीला ६. एका दिवसात! पायऱ्याही त्याच दिवशी अकराच्या सात झाल्या. पाचवं बोट त्याच दिवशी गेलं.

अजून एक. जिन्याखालच्या रेघा १० तारखेपर्यंत वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरतात. ११ तारखेपासून उलट, वरून उजवीकडून खाली डावीकडे. मला वाटलं, छापताना चित्र उलटलं. पण अक्षरं सरळ आहेत.

तळघरातला माणूस म्हणाला, “अहो, बंद करायची वेळ झाली. नाकं उद्या मोजा.”

गुरुवार, १६ जानेवारी

पट्ट्या दोन आठवडे आधी द्याव्या लागतात. तेव्हाही तसंच होतं, काकांना विचारून घेतलं. म्हणजे ११ फेब्रुवारीची पट्टी २८ जानेवारीच्या सुमारास काढलेली. त्या आठवड्याचे अंक चाळले. २८ जानेवारी, तिसरं पान, छोटी बातमी: काल वाचनालयात ‘जिना’च्या चित्रकारांनी रसिकांसमोर प्रात्यक्षिक दाखवलं, हशा आणि टाळ्या.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका लेखात कुणी समीक्षक लिहितो, “नवव्या वर्षी चित्रकाराला साधेपणा सापडला.” हे वाक्य पुस्तकाच्या मलपृष्ठावर घ्यायचं आहे.

मंगळवार, २१ जानेवारी

दुपारी ३ वाजून १० मिनिटं. काकू एका बाईचा झगा आखूड करत होती. मी समोर बसून फुग्यांची अक्षरं आखत होतो. कापून टाकायच्या भागावर ती खडूनं भराभर तिरप्या रेघा ओढते, म्हणजे चुकून राहायला नको. हे मी आठ वर्षं रोज बघतो.

रेघा वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरत होत्या.

काकू डावखुरी आहे.

हातातला रूळ खाली पडला. ती वर न बघता म्हणाली, “पायावर पडला का?”

बुधवार, २२ जानेवारी

विचारलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

विचारलं नाही. आजची पट्टी दोनदा काढली. नाक गोल येईना.

गुरुवार, ३० जानेवारी

काका डॉक्टरांकडे गेले होते. विचारलं. कसं विचारावं याची तीन वाक्यं लिहून ठेवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. म्हणालो, “काकू, पहिली नऊ वर्षं तू काढलीस?”

तिनं मशीन थांबवलं नाही. शिवण संपेपर्यंत चालवलं, दोरा दातानं तोडला.

“कोण म्हणतं?”

“रेघा.”

“रेघा बोलायला लागल्या का आता?” मग कापड झटकत, “नऊ नाही. नऊला महिनाभर कमी.”

तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

विनोद काकांचे होते. काढायची ती. नाव एकच टाकलं, काकांचं. का, म्हणून विचारलं. म्हणाली, “तेव्हा दोघं मिळून एक आहोत असं वाटायचं. एक नाव पुरत होतं.” मग वाचनालयानं काकांना बोलावलं. तिथे गेल्यावर कुणीतरी फळा आणून ठेवला, काढून दाखवा म्हणाले.

“हे मी नाही काढत, असं सांगायचं होतं काकांनी.”

“दोनशे माणसं होती, राजा. कसं सांगणार? यांनी खडू घेतला आणि आलं तसं काढलं. लांब नाक यांना कधी जमायचं नाही, म्हणून गोल काढलं. पायऱ्या कमी काढल्या, कारण हात दुखायला लागला. लोक खूप हसले. संपादकांनी पाठ थोपटली. म्हणाले, हे हलकं आहे, डोळ्याला बरं वाटतं, असंच द्या यापुढे.”

“आणि तू?”

“मी तिसऱ्या रांगेत होते.”

मशीनला नवा दोरा लावत ती म्हणाली, “मला कुणी थांब म्हटलं नाही रे. खोटं कशाला बोलू? काढ असंही कुणी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी यांनी टेबल स्वतःच्या खिडकीशी सरकवलं, इतकंच.”

तेव्हापासून ती शेवटचं पान बघत नाही. मला वाटायचं, तिला वाचायचा कंटाळा आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काकांना कळलंय की मला कळलंय. काकूनं सांगितलं असणार. सकाळी खिडकीशी बसले होते, थरथरणारा हात दुसऱ्या हाताखाली दाबून.

“काय रे फूटपट्टी, मोजलंस ना सगळं?”

“हो.”

“मग हेही मोज. एकतीस वर्षं मी रोज सकाळी वाट बघितली, ती येऊन म्हणेल, सरका. ती नाही म्हणाली.”

“तुम्ही म्हणायचं होतं, ये.”

“हो,” काका म्हणाले. “तेही मोज.”

मग विनोद सांगितला. मी तो काढला. आजचा विनोद वाईट होता, पण वेळेत गेला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काकांनी युक्ती काढली. हात गळ्यात बांधायचा, जिन्यात पडलो म्हणायचं. “जिना काढणारा जिन्यात पडला! लोकांना आवडेल.” काकूनं अस्तराच्या कापडाची झोळी शिवून दिली. फोन मी केला. खोटं बोलताना आवाज चिरकतो, म्हणून खोकलो.

बाई म्हणाल्या, “अरेरे. काही हरकत नाही. हात बरा होईपर्यंत सोहळा पुढे ढकलू. मे, जून, कधीही. काकांनी काढल्याशिवाय सोहळा कसला? आणि तुमच्याकडे साठ्यात पट्ट्या किती आहेत?”

पट्ट्यांचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. हात मोडला तर पट्ट्या कोण काढतंय? मी म्हणालो, साधी लचक आहे, दोन दिवसांत बरा होईल.

काकांनी झोळी गळ्यातून काढून माझ्याकडे फेकली. “तूच घाल.”

सोमवार, ३ मार्च

एकोणीस दिवस राहिले.

सोमवार, १७ मार्च

पाच. झोप लागत नाही असं नाही, लागते, पण स्वप्नातही चौकटी आखतो आणि त्या काटकोनात येत नाहीत.

रविवार, २३ मार्च

काल झालं. सगळं लिहून काढतो, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

सभागृहात साधारण चारशे माणसं. दारात मांजराचे मुखवटे वाटत होते. काकू पुढच्या दोन रांगा रिकाम्या असून तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. बाई म्हणाल्या, “अहो, पुढे या ना.” ती म्हणाली, “मला इथली सवय आहे.” बाई हसल्या.

मी मंचाच्या कडेला कागद धरायला. संपादक बोलले, ते मी ऐकलं नाही. काकांच्या हातात जाड काळं पेन दिलं. काका कागदासमोर उभे राहिले आणि हात वर केला, तेव्हा पहिल्या रांगांत कुजबुज थांबली. हात किती हलतो, ते चारशे माणसांना दिसलं.

पहिली पायरी करवतीच्या दात्यांसारखी आली. दुसरी मध्येच खाली घसरली. भाडेकरूचं नाक काढताना पेन निसटलं आणि नाक लांबलं. काका थांबले नाहीत. चार चौकटींना बावीस मिनिटं लागली. विनोद लिहायला जागा उरली नाही. शेवटी जिन्याखाली तीन रेघा, एकही दुसरीला समांतर नाही. पेन ठेवलं आणि मान खाली घातली.

मला वाटलं, आता कळलं सगळ्यांना. संपलं. त्या क्षणी खरं सांगायचं तर हलकंही वाटलं.

मग टाळ्या. लोक उभे राहिले. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. संपादकांनी माईक ओढून घेतला. म्हणाले, “बघा ही रेघ! याला थरथर म्हणू नका. चाळीस वर्षांचं आयुष्य उतरलंय हिच्यात. अलीकडच्या पट्ट्या मला फार गुळगुळीत वाटत होत्या. काका, संकोच करू नका. यापुढे आम्हाला हीच रेघ हवी.”

काकांनी वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे.

रिक्षेत काकू मधे बसली होती. रिक्षा कोपऱ्यावर वळली. मग ती म्हणाली, “दर वेळी असंच होतं वाटतं यांचं.” काका हसायला लागले, आणि हसता हसता बाहेर तोंड वळवलं.

मंगळवार, २५ मार्च

पुढच्या दोन आठवड्यांच्या छपाईला लागलेल्या सोडून साठ्यातल्या बारा पट्ट्या बाईंनी परत पाठवल्या. “गुळगुळीत” असं शिसपेन्सिलीनं लिहिलंय. उद्यापासून थरथरती हवी.

मी काकांना कागदावर रेघा ओढायला लावल्या आणि मोजल्या. एका सेंटिमीटरमध्ये चार ते पाच लाटा, उंची कमीजास्त, खाली येताना जास्त. तशा काढल्या. काका चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.

“तुला माझा रोगसुद्धा धड काढता येत नाही रे.”

गुरुवार, २७ मार्च

पेन अगदी टोकाशी धरून बघितलं. नाही. खालून चौथ्या मजल्यापर्यंत तीनदा धावत वर आलो आणि लगेच काढलं. घामाचा थेंब पडला. शिवणयंत्र चालू असताना त्याच्या पाटावर कागद ठेवून काढलं — काकू म्हणाली, “तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?” एक पट्टी त्यातल्या त्यात बरी होती, ती पाठवली. बाईंचा फोन: “काकांना थंडी वाजतेय असं दिसतंय. काल मंचावर जी होती, ती कुठे गेली?”

मंचावर पाच दिवसांपूर्वी होती. मी दुरुस्त केलं नाही.

अचूकपणा सोडून मला काही येत नव्हतं. आता त्याचाही उपयोग नाही.

शनिवार, २९ मार्च. सकाळी ७ वाजून ५ मिनिटं.

उजवा अंगठा दुखत होता, म्हणून पेन डाव्या हातात धरलं. नुसतं बघायला. रेघ आपोआप हलली. मोजून नाही, खरीच हलली. नाक गोल काढायला गेलो, जमेना, लांबलं. तसंच ठेवलं. चार चौकटींना तीन तास लागले आणि मान आखडली.

बाई: “हां! हीच!”

एक वाक्य लिहून ठेवतो. आज मी माझ्या चांगल्या हातानं काही केलं नाही आणि त्याबद्दल शाबासकी मिळाली.

शनिवार, १२ एप्रिल

डाव्या हाताची पहिली पट्टी छापून आली. छापल्यावर लक्षात आलं: जिन्याखालच्या तीन रेघा उलट्या पडल्यात. डाव्या हातानं त्या तशाच पडणार. तीन तर आहेत, कुणाला दिसणार?

बुधवार, २३ एप्रिल

दिसल्या.

वाचकांच्या पत्रांत आज पहिलंच पत्र. काकांनी मोठ्यानं वाचलं. कुणी निवृत्त शिक्षक आहेत, पहिल्या दिवसापासून वाचतात. लिहितात: “गेला आठवडाभर ‘जिना’ बघून मी चक्रावलो आहे. पहिल्या वर्षांतला तो जुना हात परत आला. नाक पुन्हा वाढतंय, सावली पुन्हा त्या बाजूला पडतेय. तीस वर्षं मला वाटायचं, आपल्याला उगाच भास होतो. तो हात कुठे गेला होता?”

शेवटचा प्रश्न काकांनी हळू वाचला.

शिवणयंत्र थांबलं. काकू उठली, ओट्यापाशी जाऊन हात धुतले, पुसले, आणि अंक मागितला. शेवटचं पान वर करून उजेडात धरलं. खूप वेळ. मग म्हणाली, “तू डाव्यानं काढतोस?”

“हो.”

“उजव्याचं डाव्यानं काढलेलं दिसतं,” ती म्हणाली. “मनगट अडकतं तुझं.” अंक घडी घालून परत दिला. मूळ होती तशीच घडी.

शुक्रवार, २५ एप्रिल

दुपारी १२ वाजता काकूनं टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि मला म्हणाली, “सरक.”

काका पलीकडच्या खोलीत होते. मी बघितलं, ते दारात येऊन उभे राहिले.

तिची बोटं सांध्यांशी सुजलेली आहेत. टाक धरताना एकदा पडला. नवी निब लावून दिली. अकरा पायऱ्या, रूळ न लावता. मग भाडेकरू. एक रेघ कपाळापासून निघाली ती नाकाच्या टोकाशी जाऊनच थांबली. मी नंतर मोजलं, १३.५. सावली भरायला लागली तेव्हा टाकाचा आवाज असा येत होता की कुणी भराभर टाके घालतंय. तीन रेघा नाही, मी एकशे चाळीसपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं.

“विनोद काय आजचा?”

काकांनी सांगितला. घरमालक आजारी, भाडेकरू औषध घेऊन येतो, मांजर दोघांच्या मधे झोपतं.

“मऊ आहे,” काकू म्हणाली.

“मग तू सांग.”

“औषधाचं बिल घरमालकानं भाड्यात लावायचं. मांजर नको.”

काकांनी तो स्वतःशी एकदा पुटपुटून बघितला. मग म्हणाले, “आता बरा झाला.”

पन्नास मिनिटं लागली. ती खुर्चीवरून उठली तेव्हा शाई करंगळीला होती, डाव्या. पट्टी मी स्वतः नेऊन दिली, कुणाला काही न सांगता. परत येताना रस्त्यात दोनदा हसू आलं. एकदा एका माणसानं वळून बघितलं.

सोमवार, २८ एप्रिल

सकाळी ६ वाजून ४० मिनिटं. बाईंचा फोन.

“शुक्रवारची पट्टी कोणी काढलीय?”

मी म्हणालो, “का?”

“ही काकांची नाही. मी दहा वर्षं त्यांचं काम बघतेय, मला कळतं. नाक बघा केवढं, एवढी काळी सावली. पहिल्या वर्षांची नक्कल आहे, तीही कच्ची. तुम्ही हात मारलात का? खरं सांगा. हे बघा, करार माहीत आहे ना तुम्हाला? या वेळी मी संपादकांना दाखवत नाहीये. परत पाठवतेय. काकांच्या हातची द्या.”

काकूला सांगितलं. न सांगणं जमलं नाही.

“कच्ची म्हणाल्या?”

“हो.”

“हं.” तिनं सुईत दोरा ओवला. पहिल्याच वेळी गेला. “काढ तू तुझी. उशीर होईल.”

काका म्हणाले, “डाव्या हातानं काढ.” मी काढली. बाईंना आवडली.

मंगळवार, २९ एप्रिल

परत आलेली पट्टी टेबलावर आहे. तिच्याकडे पाठ करून बसतो.

पुस्तकाची पानं उद्या द्यायची. एकोणचाळीस झाली. चाळिसाव्या वर्षाची पट्टी मी काढलेली आहे, तीही निवडली. सगळ्यांखाली नाव लिहायचं राहिलंय. मुद्दाम मागे ठेवलं होतं, हे आता कळतं.

बुधवार, ३० एप्रिल. दुपारी ४ वाजता.

सकाळी काकूला विचारलं, “तुझं नाव कसं लिहू?” तिनं माझ्याकडे बघितलं, दारात उभ्या असलेल्या काकांकडे बघितलं. काका म्हणाले, “सांग त्याला.” काकूनं अस्तराच्या तुकड्यावर खडूनं लिहून दिलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

पहिल्या नऊ पानांखाली ते लिहिलं. पुढच्या तीस पानांखाली काकांचं. चाळिसाव्याखाली माझं. शुद्धलेखन दोनदा तपासलं. पानं छापखान्यात देऊन आलो, पोच घेतली.

खर्च: निबा दोन, १४. शाई, ३०. छापखान्यापर्यंत रिक्षा, ४०. एकूण ८४.

येणं: एप्रिलच्या पंचवीस पट्ट्या, परत आलेल्या एकीचे पैसे कापून. मेपासून बहुधा काही नाही.

देणं: काकूला, २,७८१ पट्ट्या आणि परत आलेली एक. एकूण २,७८२. दर ठरलेला नाही.